सलीमच्या रोलवरचा एकच फोटो

आमच्या बॅटरीला, म्हणजे तोफांच्या तुकडीला, डोंगरावर जायचा हुकूम आला तेव्हा मी हवालदार होतो, वायरलेसवर. गाव चांदवड तालुक्यात. काळ नव्वदीच्या शेवटच्या वर्षांचा. डोंगर कुठला, ते सांगणार नाही. लोक विचारतात. सांगितलं की त्यांचा पुढचा प्रश्न असतो, 'किती मारले?' त्या प्रश्नाची मला चीड आहे.

तोफखान्याचं काम नागरिकांना ठाऊक नसतं, म्हणून आधी तेवढं सांगतो. तोफा डोंगराच्या मागे खाली असतात. त्यांना दुश्मन दिसत नाही. वर कड्यावर एक छोटी चौकी असते, तिला ओपी म्हणतात. ओपीतला माणूस बघतो, वायरलेसवर सांगतो आणि खालची तोफ मारते. आमच्या सेटच्या खालच्या टोकाला मी होतो. वरच्या टोकाला नाईक सलीम शेख.

सलीम जुन्या नाशकातला. वडिलांचं भद्रकालीत कॅमेरा दुरुस्तीचं दुकान. एकाच जिल्ह्याचे म्हणून आमचं गूळपीठ असेल, असं सगळ्यांना वाटे. तसं काही नव्हतं. तो बोलघेवडा, मी तिरसट. सेटवर मराठी बोलायचं नाही, हा नियम. तो मुद्दाम मराठीत सुरू करायचा आणि मी शिव्या घालायचो. वर चढताना तो आठवड्याचं सामान पाठीवर घेई आणि कॅमेरा मात्र कोटाच्या आत, छातीशी ठेवी. त्याचा मला फार राग येई. तीन किलो बटाटे कमी नेशील, पण हे लोढणं सोडणार नाहीस, असं मी त्याला तोंडावर म्हटलं होतं.

"बटाटे सगळ्यांकडे असतात, हवालदार," तो म्हणाला.

कॅमेरा जपानी होता. सलीमच्या वयाहून जुना. चाचांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, दोन मोडक्या कॅमेऱ्यांचा मिळून तो एक केला होता आणि पोरगा भरती झाला तेव्हा त्याच्या हातात दिला होता. हातात मावेल एवढा, पण वजनाला चांगलाच, कारण सगळा धातूचा. त्यात बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. खिडकीतून पाहिलं की मधोमध एक पिवळसर ठिपका दिसायचा आणि त्या ठिपक्यात समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा, एकीवर एक सरकलेल्या. भिंगाची कडी फिरवायची. दोन्ही प्रतिमा जुळून एक झाल्या की फोकस लागला. भिंगाभोवती काचेच्या दाण्यांचं कडं होतं. उजेड पडला की त्यातच वीज व्हायची आणि काटा हलायचा. सेल लागत नसे. शटर भिंगाच्या पोटात होतं, त्यामुळे आवाज जवळजवळ नाहीच. चुटकी वाजवायला जावं आणि ती नीट वाजू नये, तेवढाच.

दोन प्रतिमा जुळवून अंतर काढायचं यंत्र आम्हाला ट्रेनिंगमध्ये दाखवलं होतं. दोन हात लांब, तिपाईवर ठेवायचं. तत्त्व तेच. सलीम म्हणायचा, हा कॅमेरा तोफखान्याचा भाचा आहे.

"मग भाच्याला विचार, समोरचा कडा किती लांब आहे," मी म्हणालो.

"दहा मीटरच्या पुढे याला सगळं सारखंच."

"मग घरी ठेव त्याला."

ओपीवर कॅमेरा न्यायला मनाई होती. पण आमच्या कॅप्टनसाहेबांना समोरच्या डोंगररांगेचे सलग फोटो हवे होते. त्यांचा स्वतःचा कॅमेरा नवा, ऑटोमॅटिक. थंडीत त्याचे सेल दुसऱ्या दिवशीच मेले. सलीमचं डबडं चालत राहिलं. साहेबांनी रेजिमेंटकडून लेखी परवानगी आणली. फोटो साहेबांच्या देखरेखीखाली काढायचे, भरलेला रोल त्यांच्या ताब्यात द्यायचा. सलीमनं कॅमेऱ्याच्या चकचकीत पत्र्यावर स्वतःच काळी चिकटपट्टी चढवली. एवढं सांगतो, कारण पुढे लोकांनी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

ओपीवर साहेब, सलीम आणि तिसरा माणूस सुभेदार जाधव. साहेबांच्या खालोखाल तेच. मिशा पिळलेल्या, कामात वाईट नव्हते, पण रुबाबाची हौस दांडगी. रेशन घेऊन कुणी वर गेला की त्याच्यासमोर ते साहेबांच्या दुर्बिणीकडे बघत बसत. दुर्बीण साहेबांचीच, आणि साहेब ती झोपेतसुद्धा गळ्यातून काढत नसत.

ओपीचं तोंड पश्चिमेला होतं. सकाळी सूर्य आमच्या पाठीमागून उगवे आणि दुश्मनाच्या डोळ्यांत जाई. दुपारनंतर उलटं. म्हणून दुपारनंतर दुर्बिणीवर जाळी चढवायची, काचेवर ऊन पडून चमक जाऊ नये म्हणून. हे शिकवावं लागत नाही. आठ दिवस ओपीवर राहिलेल्या कुठल्याही गनरला विचारा.

त्या दिवशी पहाटे कॅप्टनसाहेबांना कॉन्फरन्ससाठी खाली बोलावलं. भरलेला रोल घेऊन ते उतरले. जाताना दुर्बीण काढून त्यांनी जाधवांना दिली, कारण ओपी आता जाधवांच्या हवाली होता. साहेब माझ्या तंबूत चहा प्यायले तेव्हा त्यांचा गळा मोकळा होता. मी स्वतः पाहिला.

ऊन कड्यावर आलं तेव्हा मी सेट लावला. सेटवर ओपी म्हणजे वन, मी टू.

"टू फॉर वन. आवाज़ कैसी है? ओवर."

"मस्त येतोय आवाज. नवा रोल घातलाय. सुभेदारसाहेबांनी बाहेर बोलावलंय, पाच मिनिटांत येतो. ओव्हर."

"हिंदी में बोल. आउट."

माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं हे.

थोड्या वेळानं तीन गोळे आले. आमचे नव्हते. पहिला कड्याच्या अलीकडे, दुसरा पलीकडे, तिसऱ्याचा आवाज वेगळा आला. मी सेटवर वनला हाका मारत राहिलो. उत्तर आलं ते जाधवांचं. आवाज चिरका.

"वन. सलीम को लगा है. मेरे पैर में लगा है. पार्टी भेजो. ओवर."

"सलीम बोल रहा है क्या? ओवर."

"नहीं बोल रहा. ओवर."

पार्टीबरोबर मी गेलो. जाधव दगडी बंकरच्या आत होते, पायाला पट्टी बांधून. सलीम बाहेर, आडोशाच्या भिंतीपासून चार पावलांवर. कॅमेरा चामडी खोळीत घालून बटण लावलेलं होतं. कोटाची मात्र बटणं लावायची राहिली होती. आम्ही त्याला खाली आणलं. मी पायांकडून धरलं होतं. तो फार जड लागला आणि मला त्याचा रागच आला. राग कसला, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

त्याचं सामान घरी पाठवायचं तेव्हा एका क्लार्कनं कॅमेरा तपासला. या जातीच्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडायला रोल गुंडाळायची कळ वर ओढावी लागते. क्लार्कला ते ठाऊक नव्हतं. झाकणाला कुठे खटका दिसेना, तेव्हा त्यानं 'जुना, बंद' असा शेरा मारला आणि पेटी शिवून टाकली. त्या आडमुठ्या कळीचे आभार.

निवृत्त होऊन मी सातपूरला आलो. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागलो. जाधव माझ्याआधीच तिथे आले होते. पाय किंचित ओढत, पण मिशी तीच. दुसऱ्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर आणि आमच्या भागातल्या माजी सैनिकांच्या मंडळाचे अध्यक्ष. शाळेत भाषणं, गणपतीत सत्कार. भाषणात सलीमची गोष्ट असे. पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती अशी होती, की बिचाऱ्या पोराला फोटोची हौस होती, काचेची चमक दुश्मनाला दिसली, हौसेपायी जीव गेला. दोन वर्षांनी 'बिचारा' गळला. मग हिंडता हिंडता गोष्टीला शिंगं फुटली. चहाच्या टपरीवर एक जण मला म्हणाला, "पण तो फोटो काढत कुणासाठी होता, तेही बघायला पाहिजे ना? नाव काय म्हणालात त्याचं?"

मी त्याच्या हातातला चहा सांडवला. याहून जास्त काही केलं नाही.

पुढे वस्तीतल्या बागेत शिळा उभी करायचं ठरलं. जिल्ह्यातले आमच्या ओळखीतले जे जवान गेले, त्यांची नावं रँकनुसार कोरायची. नावं बैठकीत वाचली गेली. सलीमचं नव्हतं.

मी उठून उभा राहिलो. "नाईक सलीम शेख राहिला."

जाधव खुर्चीत रेलून बसले होते. "बस खाली, अहेर. त्याचं प्रकरण वादातलं हाय."

"कसला वाद?"

"तू तिथं होता का? मी होतो. त्याला लय सांगितलं, कॅमेरा आत ठेव. बाहेर बोलावून सांगितलं. ऐकला नाय. चमक गेली अन् गोळा आला. आता लोकं विचारत्यात, फोटो कुणासाठी? मी काय सांगू त्यांना?"

"सकाळी चमक कशी जाईल, साहेब? सूर्य पाठीमागे होता."

"तू खाली होता. तुला काय माहीत ऊन कुठून येत होतं?"

लोक हसले. साधं हसू होतं, पण मला ते सहन झालं नाही. सूर्य कुठून उगवतो हे बैठकीत मतं घेऊन ठरायला लागलं, तर बोलणंच खुंटलं. कॅप्टनसाहेबांना मी फोन केला होता. परवानगी होती, हे त्यांनी कुणालाही सांगायची तयारी दाखवली. पण त्या सकाळी ते खाली होते. सगळे खालीच होते. वर होते दोघे, आणि त्यातला एकच बोलू शकत होता.

मी भद्रकालीत गेलो. दुकान अजून उघडं होतं, पण डिजिटल आल्यापासून दुरुस्तीला येत कोण? इस्माईलचाचा मोबाइलची कव्हरं विकत होते. मागच्या फळीवर सलीमचा कॅमेरा, चामडी खोळीत. शिळेची गोष्ट त्यांना माझ्याआधी कळली होती.

"टपरीवर काय बोलतात तेही कळलंय," ते म्हणाले. "जुम्म्याला मशिदीतून निघालो की एक जण विचारतो, चाचा, खरं काय होतं? मी काय सांगणार? मी तरी कुठे होतो तिथे?"

मी कॅमेरा हातात घेतला. उघडायचा कसा ते मला माहीत नव्हतं. चाचांनी तो झटकन काढून घेतला.

"आत रोल आहे," ते म्हणाले.

मला आधी समजलंच नाही. चाचांनी कळ अलगद फिरवून दाखवली. ती अडत होती. आत फिल्म ताणलेली असली की अशी अडते. वरच्या छोट्या खिडकीत आकडा होता, एक. झाकण उघडून नवा रोल घातला की तो आकडा शून्यावर जातो.

"एकच फोटो काढलाय त्यानं या रोलवर," चाचा म्हणाले. "पेटी आली त्याच दिवशी कळलं मला."

"मग इतकी वर्षं धुतला का नाही?"

चाचा कव्हरं लावू लागले. "समोरचा डोंगर निघाला तर? एकच फोटो, आणि तो नेमका पलीकडचा. मग जाधवसाहेब म्हणतात ते खरं ना? आत्ता निदान मला माहीत नाही. हवालदारसाहेब, माझ्याकडे त्याचं एवढंच राहिलंय, की मला माहीत नाही."

मी रागावलो. मला दुसरं काही येत नाही. म्हटलं, "चाचा, तुमचा पोरगा तसा नव्हता हे मला फोटोशिवाय माहीत आहे. तुम्हाला नाही?" हे बोलायला नको होतं. त्यांचा चेहरा पडला. मी निघालो, तर त्यांनी मागून हाक मारली. दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि म्हणाले, "बसा. औषधं बनवायला वेळ लागेल."

मागे एक खोपटाएवढी अंधारखोली होती. चाचा कॅमेरा घेऊन आत गेले आणि कडी लावली. मी बाहेर मोबाइलच्या कव्हरांमध्ये बसून राहिलो. आतून पाण्याचा आवाज येत होता. मधेच तोही थांबला. भर दुपार होती, बाहेर हातगाड्यांचा कालवा. मला डोंगरावर कधी वाटली नव्हती एवढी भीती तिथे वाटली.

चाचा ओली फिल्म दोन्ही हातांत धरून बाहेर आले. जुनी म्हणून कडेला काळवंडली होती. सबंध पट्टी कोरी. सुरुवातीला एकच चौकोन. त्यांनी ती माझ्यापुढे धरली नाही, दाराच्या उजेडासमोर स्वतःच बघत राहिले. डोळ्याला भिंग लावलं. मग विचारलं, "मिशीवाला कोण आहे हा?"

प्रिंट काढली तेव्हा मला सगळं दिसलं. आडोशाची दगडी भिंत. भिंतीच्या आत नाही, आडोशाला नाही, तर भिंतीवर चढून उभे सुभेदार जाधव. छाती काढलेली, एक पाय उंच दगडावर, गळ्यात कॅप्टनसाहेबांची दुर्बीण. पाठीमागे पलीकडचा सगळा डोंगर. कोवळं ऊन त्यांच्या तोंडावर. त्या पहाटेच्या आधी ती दुर्बीण त्यांच्या गळ्यात कधी आली नव्हती आणि त्यानंतर तिथे फोटो काढणारा उरला नाही. पलीकडच्या डोंगरावरून पाहणाऱ्याला आकाशावर एक उभा माणूस दिसला असणार, भर उन्हात. चमकेची गरजच नव्हती.

चाचांनी भिंतीच्या पायथ्याशी बोट ठेवलं. तिथे एक सावली पडली होती. डोकं आणि दोन्ही बाजूंना कोपरं वर.

"हा सलीम," ते म्हणाले. "सूर्य त्याच्या पाठीमागे आहे. काचेवर ऊन पडेलच कसं?" मग पुन्हा भिंग लावून म्हणाले, "फोकस मिशीवर घेतलाय. एकेक केस मोजून घ्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं जाधवांच्या कारखान्याच्या गेटवर गेलो. पहिली पाळी सुटत होती. जाधव युनिफॉर्ममध्ये, हातात काठी. मला बघून त्यांच्या कपाळावर आठी आली. चाचांना ते ओळखत नव्हते. एवढी वर्षं ज्याच्या पोरावर भाषणं केली, त्याला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं.

चाचांनी पाकीट पुढे केलं. जाधवांनी आतला फोटो बाहेर काढला. बराच वेळ बघितला. पाळीचे कामगार दोन्ही बाजूंनी जात होते, मोटरसायकली सुरू होत होत्या. मला वाटलं, नाही म्हणतील, मी नव्हेच म्हणतील, ही कॉम्प्युटरची करामत आहे म्हणतील. मी तयारीनं गेलो होतो. मुठीसुद्धा तयार होत्या.

जाधव हळूच म्हणाले, "फोटो चांगला आलाय."

"चांगला येणारच," चाचा म्हणाले. "माझ्या पोरानं काढलाय."

जाधव गेटच्या केबिनमधल्या स्टुलावर बसले. काठी खाली पडली ती त्यांनी उचलली नाही. मग म्हणाले, "मीच म्हटलं होतं त्याला. काढ म्हटलं. साहेब नाय तोवर एक काढ. तो नको म्हणत होता. भिंतीवर चढू नका म्हणत होता. मी म्हटलं, हुकूम हाय."

चाचांनी मान हलवली. "नको म्हणत होता," ते स्वतःशीच म्हणाले. फोटो त्यांनी परत घेतला नाही. जाधवांना म्हणाले, "ठेवा. तुमचाच आहे." आणि रस्ता ओलांडून रिक्षा बघू लागले.

लोक मला विचारतात, मग तू जाधवांना माफ केलंस का? नाही. माणूस फोटोसाठी भिंतीवर चढतो, ते मी समजू शकतो. आम्ही सगळे तरुण होतो, भीती वाटत होती आणि घरी दाखवायला काहीतरी हवं होतं. पण मेलेल्या माणसावर आपलं पाप लोटायचं, आणि पोटच्या पोराला गमावलेल्या बापाला मशिदीच्या दारात लोकांची तोंडं बघायला लावायची, याला माझ्याकडे माफी नाही. ते रस्त्यात दिसले तर मी आजही नमस्कार करत नाही.

पुढच्या बैठकीत जाधवांनी स्वतः उभं राहून सलीमचं नाव मांडलं. कारण सांगितलं नाही. मी सांगितलं, सगळ्यांसमोर, फोटो दाखवून. कुणी हसलं नाही. अध्यक्षपद त्यांनी आठवड्यात सोडलं.

पण तोवर शिळा कोरून झाली होती. दगड भरला होता. कारागीर म्हणाला, तळाशी चार बोटं जागा आहे, तिथे बसवतो. रँकप्रमाणे सलीमचं नाव बरंच वर हवं. मी नवा दगड करा म्हणून अर्ज केला, भांडलो, अजून भांडतोय. चाचा थकले आहेत. ते म्हणतात, राहू द्या.

शिळा सातपूरच्या बागेत आहे, फाटकातून शिरल्यावर डाव्या हाताला. बाकीची नावं उभ्या उभ्या वाचता येतात. सर्वांत खालचं, गवताला टेकलेलं, नाईक सलीम शेख, तोफखाना, वाकल्याशिवाय वाचता येत नाही. गेलात तर वाका.